विश्लेषण : पिवळ्या जर्सीचा पहिला मानकरी टूर द फ्रान्स कधीच का जिंकला नाही?

दर वर्षी जुलै महिन्यात टूर द फ्रान्स सुरू झाली की मोबाइलच्या पडद्यावर पिवळी जर्सी घातलेला सायकलपटू दिसू लागतो. एकूण वेळेत जो आघाडीवर, त्याच्या अंगावर पिवळी जर्सी, असा हा साधा नियम. ही जर्सी १९१९ मध्ये सुरू झाली आणि तिचा पहिला मानकरी ठरला युजेन क्रिस्तोफ हा फ्रेंच सायकलपटू. तो ही स्पर्धा अकरा वेळा खेळला, आठ वेळा पूर्ण केली, पण एकदाही जिंकला नाही.

स्पर्धा चालू असताना तीन वेळा त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, तुटला. त्यांपैकी पहिल्या दोन वेळी विजेतेपद त्याच्या टप्प्यात होते. त्या काळात टूर जिंकलेल्या अनेकांची नावे आज फक्त आकडेवारीच्या तक्त्यात सापडतात. क्रिस्तोफचा मात्र डोंगरातल्या एका खेड्यात पुतळा उभा आहे आणि त्याच्या हातात आहे तो चिमटा. हरलेल्या माणसाच्या वाट्याला हे कसे आले, हे समजून घ्यायचे तर त्या वेळची स्पर्धा, तिचे कडक नियम आणि तिच्यामागचा सायकल कंपन्यांचा धंदा पाहावा लागतो.

लोखंडकामाचा कारागीर

क्रिस्तोफचा जन्म २२ जानेवारी १८८५ रोजी पॅरिसला लागून असलेल्या मालाकॉफ या गावी झाला. घरची परिस्थिती साधी होती. लहान वयातच तो कुलपे, किल्ल्या आणि लोखंडी सामान बनवणाऱ्या कारागिराच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागला. कानस कशी चालवायची, लोखंड किती तापले म्हणजे हातोड्याखाली घ्यायचे, जोड कुठे मारायचा, ही सगळी विद्या त्याने वर्कशॉपमध्येच उचलली. पुढे त्याच्या आयुष्यातला सर्वांत गाजलेला दिवस या विद्येवर निभावला, म्हणून हा तपशील महत्त्वाचा.

१९०४ पासून तो पैसे घेऊन शर्यती खेळू लागला. त्या वेळी युरोपात कामगार घरांतल्या मुलांना कारखान्याबाहेर पडण्याचा हा एक मार्ग होता. आपल्याकडे तालमीत घुमणारा पोरगा जसा गावोगावच्या यात्रांत इनामाच्या कुस्त्या धरतो, तसे ते सायकलपटू या गावाहून त्या गावाला शर्यती खेळत फिरत. १९०६ मध्ये क्रिस्तोफ पहिल्यांदा टूरमध्ये उतरला आणि नववा आला. १९०९ मध्येही नववाच.

हिवाळ्यात रस्त्यावरच्या शर्यती थांबल्या की तो सायक्लोक्रॉस खेळे. चिखल, नांगरलेली शेते, ओढे यांतून शक्य तिथे सायकल चालवायची आणि जमणार नाही तिथे ती खांद्यावर घेऊन पळायचे, असा हा प्रकार. यात १९०९ ते १९१४ अशी सलग सहा वर्षे तो फ्रान्सचा विजेता होता आणि महायुद्धानंतर १९२१ मध्ये त्याने सातव्यांदा हे विजेतेपद मिळवले. अंगकाठी फार मोठी नव्हती, पण चिवटपणा मोठा. ओठांवर भरघोस, दोन्ही बाजूंना झुकलेल्या मिशा. प्राचीन गॉल लोकांच्या चित्रांत दिसतात तशा. त्यावरून लोकांनी त्याला ‘म्हातारा गॉल’ असे टोपणनाव दिले. नंतर मिशा गेल्या, पण नाव चिकटून राहिले.

बर्फातली शर्यत

क्रिस्तोफ कोण आहे हे युरोपला कळले ते ३ एप्रिल १९१० रोजी, इटलीतल्या मिलान–सान रेमो शर्यतीत. अंतर सुमारे २९० किलोमीटर. वसंतातली शर्यत असूनही त्या दिवशी पाऊस, गारठा आणि घाटात बर्फ. साठहून अधिक जण निघाले होते. तुर्किनो खिंडीत पोहोचेपर्यंत बर्फ इतका साचला की सायकल ढकलत चालावे लागत होते. बोटे वाकेनात, पोटात कळा येऊ लागल्या. क्रिस्तोफ रस्त्याच्या कडेला जवळजवळ कोसळला. एका माणसाने त्याला जवळच्या खाणावळीत नेले, ओले कपडे उतरवून घोंगडीत गुंडाळले आणि शेकोटीजवळ बसवले.

तिथे तो सुमारे पंचवीस मिनिटे होता. खिडकीतून त्याला चिखलाने माखलेले इतर स्पर्धक पुढे जाताना दिसले. खाणावळवाला जाऊ देईना, तरी क्रिस्तोफने कुणाची तरी लांब विजार चढवली आणि तो पुन्हा रस्त्याला लागला. पुढच्यांना एकेक करून गाठत १२ तास २४ मिनिटांनी तो सान रेमोला पोहोचला. आपण पहिले आलो आहोत, हे त्याला नंतर कळले. दुसरा स्पर्धक तासाभराने आला. अंतिम निकालात फक्त चौघांची नावे लागली.

या विजयाची किंमतही जबर होती. हात बर्फाने बधिर होऊन जखमी झाले होते. महिनाभर इस्पितळात राहावे लागले आणि तब्येत पूर्ववत व्हायला पुढे दोन वर्षे गेली. व्यावसायिक खेळाडूच्या उमेदीच्या वयातली ही दोन वर्षे होती.

स्पर्धा कुणाची, नियम कुणाचे?

टूर द फ्रान्स सुरू केली ती ‘ल ऑटो’ या क्रीडा दैनिकाने, १९०३ मध्ये. प्रतिस्पर्धी वर्तमानपत्राला मागे टाकून खप वाढवायचा, हा उघड हेतू. संपादक आंरी देग्रांज हाच स्पर्धेचा सर्वेसर्वा. त्याची कल्पना अशी की ही माणसाची परीक्षा आहे, यंत्राची नव्हे. त्यामुळे स्पर्धकाने वाटेत कुणाचीही मदत घ्यायची नाही. पंक्चर झाले तर स्वतः काढायचे आणि सायकल मोडली तर स्वतः दुरुस्त करायची.

सायकली जड होत्या, आजच्या शर्यतीच्या सायकलच्या जवळजवळ दुप्पट वजनाच्या. गिअर म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांची चाके. घाट लागला की खाली उतरायचे, चाक काढायचे, उलटे करून बसवायचे आणि पुढे जायचे. आज आपण ज्याला गिअर म्हणतो, ती साखळी सरकवणारी यंत्रणा टूरमध्ये यायला १९३७ उजाडले. रस्ते कच्चे, डोंगरात तर नुसत्या गाडीवाटा. एका टप्प्याचे अंतर तीनशे-चारशे किलोमीटर. स्पर्धक मध्यरात्रीनंतर निघत आणि संध्याकाळी पोहोचत.

दुसरीकडे देग्रांजच्या कल्पनेला छेद देणारी गोष्ट म्हणजे कंपन्या. प्यूजो, अल्सियाँ अशा सायकल कंपन्या नावाजलेल्या खेळाडूंना पगारावर ठेवत. आपली सायकल जिंकली की जाहिरात होई आणि विक्री वाढे. मदत घ्यायची नाही हा नियम खेळाडूसाठी. कंपनीची माणसे मात्र मोटारीतून मागे-पुढे फिरत आणि दुसऱ्या कंपनीचा खेळाडू नियम मोडतो का यावर डोळा ठेवत.

१९१२ मध्ये क्रिस्तोफ पुन्हा पूर्ण जोमात आला. तिसरा, चौथा आणि पाचवा असे लागोपाठ तीन टप्पे त्याने जिंकले. त्यांतला शामोनी ते ग्रनोबल हा आल्प्समधला टप्पा जिंकताना तो सुमारे ३१५ किलोमीटर एकटाच पुढे होता. तरीही स्पर्धेत तो दुसरा आला. तेव्हा निकाल एकूण वेळेवर नव्हे, तर प्रत्येक टप्प्यात कितवा क्रमांक आला त्या गुणांवर लागत असे. टप्पा एका तासाने जिंका किंवा एका चाकाने, गुण तेवढाच. बेल्जियमचा ओदिल देफ्रे गुणांवर विजेता ठरला. वेगवेगळ्या कंपन्यांकडून खेळणारे बेल्जियन आपल्या देशबांधवाला मदत करतात, असा आरोप करत फ्रान्सचा ऑक्ताव लापिझ स्पर्धा सोडून गेला. पुढच्या वर्षी गुणपद्धत रद्द होऊन पुन्हा वेळ मोजली जाऊ लागली.

९ जुलै १९१३ : घाटात काय घडले?

क्रिस्तोफ आता प्यूजो संघात होता. वय २८. सहावा टप्पा बायोन ते ल्युशाँ, ३२६ किलोमीटर. म्हणजे गारगोटीहून पुणे गाठून आणखी पुढे जाण्याइतका, आणि वाटेत पिरेनीज पर्वतातले एकापाठोपाठ एक घाट. त्यांतला तूरमाले २,११५ मीटर उंच. आपल्या राज्यातले सर्वांत उंच कळसूबाई शिखर १,६४६ मीटर आहे आणि आंबोली साधारण ७०० मीटरवर. यावरून चढणीचा अंदाज यावा.

सकाळी क्रिस्तोफ एकूण क्रमवारीत दुसरा होता. पहिला देफ्रे त्या दिवशी घाटातच मागे पडला आणि त्याने स्पर्धा सोडली. तूरमालेच्या माथ्यावर बेल्जियमचा फिलिप थिस पुढे होता आणि त्याच्यामागे थोड्याच अंतरावर क्रिस्तोफ. थिसही प्यूजोचाच. माथ्यावर चाक उलटे करून क्रिस्तोफ उतारावर सुटला आणि काही वेळातच त्याला पुढचे हँडल हातात वेगळे लागू लागले. चिमटा तुटला होता.

डोंगरात आसपास वस्ती नव्हती. सायकल बदलून घेणे नियमात बसत नव्हते. क्रिस्तोफने सायकल खांद्यावर टाकली, सुटे पुढचे चाक हातात धरले आणि तो उतार चालत उतरू लागला. मागे टाकलेले स्पर्धक एकेक करून त्याच्या शेजारून निघून गेले. तो रडत चालला होता, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले. चालावे लागलेले अंतर कुणी दहा किलोमीटर सांगते, कुणी चौदा. शंभर वर्षे सांगितल्या गेलेल्या गोष्टीत असे होणारच. चालायला दोन तासांच्या आसपास लागले, हे मात्र नक्की.

पायथ्याच्या सेंत-मारी-द-कांपाँ या खेड्यात पोहोचल्यावर त्याने लोहार कुठे आहे ते विचारले. एका लहान मुलीने त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला लकाँत नावाच्या लोहाराच्या भट्टीवर नेले. लोहार चांगला माणूस होता, लगेच कामाला हात घालायला तयार झाला. पण तोपर्यंत स्पर्धेचे अधिकारी आणि इतर कंपन्यांची माणसे तिथे येऊन उभी राहिली होती. लोहाराने हात लावला तर क्रिस्तोफ बाद.

दुसरा कुणी सायकलपटू असता तर स्पर्धा इथेच संपली असती. क्रिस्तोफने मात्र भट्टी पेटवली, लोखंडी नळीचा तुकडा घेतला, तो तापवला, ठोकला, तुटलेल्या भागाला जोडला आणि भोके पाडून बसवला. लोहार बाजूला उभा राहून तोंडी सांगत होता.

अडचण एकच होती. भट्टीत लोखंड धरायला एक हात, हातोड्याला दुसरा. मग भाता ओढणार कोण? भाता थांबला की आच उतरते आणि जोड बसत नाही. भट्टीवर एक सात वर्षांचा मुलगा होता. त्याने काही वेळ भाता ओढला. अधिकाऱ्यांनी ही परक्याची मदत म्हणून टिपून घेतली.

या प्रसंगाचा एक किस्सा फ्रान्समध्ये अजून सांगतात. काम लांबले तसा पहाऱ्यावरचा एक अधिकारी भुकेने कासावीस झाला आणि काहीतरी खाऊन येतो म्हणाला. मी तुमचा कैदी असेन तर तुम्हीही इथून हलायचे नाही, भूक लागली असेल तर कोळसा खा, अशा अर्थाचे क्रिस्तोफने त्याला सुनावले.

दुरुस्तीला तीन तासांहून अधिक वेळ गेला. खिशात पाव कोंबून तो पुन्हा सायकलवर बसला. पुढे अजून आस्पँ आणि पेरसूर्द हे दोन घाट होते, तेही त्या जोड दिलेल्या चिमट्यावर. तो ल्युशाँला पोहोचला तेव्हा टप्पा जिंकणाऱ्या थिसपेक्षा ३ तास ५० मिनिटे मागे होता. वर भाता ओढणाऱ्या पोराच्या मदतीबद्दल दहा मिनिटांचा दंड झाला, जो नंतर तीन मिनिटांवर आणला गेला. एवढे तास गेल्यावर तीन मिनिटांनी फरक पडत नव्हता. पण लोकांच्या मनात राहिली ती ही तीन मिनिटेच.

त्या वर्षी १४० जण निघाले आणि २५ जण पॅरिसला पोहोचले. क्रिस्तोफ सातवा आला. चिमटा तुटला नसता तर तो जिंकलाच असता, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण अजून नऊ टप्पे बाकी होते. पण त्या दिवशी सकाळी जिंकण्याची सर्वाधिक संधी असलेल्या दोघा-तिघांत तो होता, यात शंका नाही.

कंपनीने काय गमावले?

काहीच नाही. स्पर्धा थिसने जिंकली आणि थिस प्यूजोच्याच सायकलवर होता. जाहिरातीत विजय लागला, विक्री झाली. चिमटा तुटल्याची बातमी मात्र कंपनीला नको होती. आमच्या सायकलचा चिमटा घाटात तुटतो, ही जाहिरात कोण करेल? क्रिस्तोफही त्या वेळी या कारणावर फार बोलला नाही. सायकल कंपनीची बदनामी होईल म्हणून तेव्हा गप्प राहावे लागले, हे त्याने बऱ्याच वर्षांनी मान्य केले. एका मोटारीने धक्का दिल्यामुळे चिमटा तुटला, असाही एक प्रवाद नंतर फिरत राहिला.

टूरच्या या दंतकथेतला हा भाग फारसा सांगितला जात नाही. एकाकी वीर, कडक नियम, जळती भट्टी, एवढेच चित्र रंगवले जाते. ज्याचा माल खराब निघाला त्या कंपनीला ना दंड, ना जाब. दंड झाला तो पगारावर राबणाऱ्या खेळाडूला, आणि तो एका लहान पोराने भाता ओढला म्हणून.

महायुद्ध आणि पिवळी जर्सी

१९१४ च्या स्पर्धेत क्रिस्तोफ अकरावा आला आणि स्पर्धा संपल्यानंतर काही दिवसांतच पहिले महायुद्ध पेटले. चार वर्षे टूर झाली नाही. फ्रांस्वा फाबेर, ऑक्ताव लापिझ आणि ल्युसियाँ पती-ब्रतों हे तीन माजी विजेते युद्धकाळात मरण पावले. सत्ताविशी-अठ्ठाविशीतले खेळाडू तिशी ओलांडून परतले. क्रिस्तोफ ३४ वर्षांचा झाला होता.

१९१९ ची स्पर्धा सुरू झाली तेव्हा उत्तर फ्रान्समधले रस्ते तोफगोळ्यांनी उखडलेले होते. रबर, पोलाद, कापड, सगळ्याचीच टंचाई. एकेकट्या कंपनीला संघ उभा करणे परवडत नव्हते, म्हणून त्यांनी मिळून ‘ला स्पोर्तीव्ह’ नावाखाली खेळाडू उतरवले. एकूण अंतर साडेपाच हजार किलोमीटरहून अधिक आणि सरासरी वेग ताशी सुमारे २४ किलोमीटर. टूरच्या इतिहासातली ही आजवरची सर्वांत संथ स्पर्धा.

सुरुवातीला आघाडीवर असलेला आंरी पेलिसिए भांडून स्पर्धेबाहेर पडला आणि पहिले स्थान क्रिस्तोफकडे आले. आता नवी अडचण उभी राहिली. बहुतेक खेळाडूंच्या अंगावर एकसारख्या राखाडी जर्सी. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या लोकांना आणि बातमीदारांनाही आघाडीवीर ओळखू येईना. देग्रांजने वेगळ्या रंगाची जर्सी करायचे ठरवले. ‘ल ऑटो’ पिवळ्या कागदावर छापले जाई, म्हणून रंग पिवळा. युद्धानंतरच्या टंचाईत दुकानदाराकडे तेवढाच रंग शिल्लक होता, असेही सांगतात. १९ जुलै १९१९ रोजी ग्रनोबलहून अकरावा टप्पा सुरू होण्याआधी क्रिस्तोफने ती जर्सी घातली.

बेल्जियमच्या थिसने आपल्या म्हातारपणी असे सांगितले होते, की १९१३ मध्येच आपल्याला पिवळी जर्सी देण्यात आली होती. पण अधिकृत इतिहासात पहिले नाव क्रिस्तोफचेच आहे. त्याला स्वतःला तिचे फार कौतुक नव्हते. वाटेत लोक पिवळ्या रंगावरून त्याला कॅनरी पक्षी म्हणून चिडवत आणि त्याला ते आवडत नसे.

शेवटचे दोन टप्पे उरले तेव्हा क्रिस्तोफ दुसऱ्या क्रमांकावरच्या बेल्जियन फिरमँ लांबोपेक्षा सुमारे २८ मिनिटांनी पुढे होता. चौदावा टप्पा मेत्झ ते डंकर्क, ४६८ किलोमीटर. गारगोटीहून निघून मुंबई गाठली तरी काही किलोमीटर उरतील, एवढे अंतर एका दमात. व्हॅलेन्सिएन शहराजवळ, युद्धाने फुटलेल्या दगडी रस्त्यावर चिमटा पुन्हा तुटला.

या वेळी निदान कारखाना जवळ होता. तिथे जाऊन क्रिस्तोफने पुन्हा स्वतःच्या हाताने जोड मारला. यात तासाहून अधिक वेळ गेला. डंकर्कला पोहोचेपर्यंत तो सुमारे अडीच तास मागे पडला होता आणि पिवळी जर्सी लांबोकडे गेली होती. शेवटच्या टप्प्यात पंक्चरने पाठ सोडली नाही. लांबो पहिला, जाँ आलावॉन दुसरा, क्रिस्तोफ तिसरा. ६७ जणांपैकी पॅरिस गाठणारे अकरा. त्यांतलाही पॉल द्युबॉक नंतर बाद ठरला. त्याच्या पॅडलचा दांडा मोडला होता आणि दुरुस्तीसाठी जाताना त्याने मोटार वापरली होती.

वाचकांनी भरलेले बक्षीस

१९१३ मध्ये हळहळलेले लोक १९१९ मध्ये पेटून उठले. ‘ल ऑटो’ने क्रिस्तोफसाठी निधी जाहीर केला आणि देशभरातून पैसे येऊ लागले. बँकर घराण्यातल्या बॅरन आंरी द रोथशील्डने ५०० फ्रँक दिले. कामगार, सैनिक, शाळकरी मुले यांनी पाच-दहा फ्रँक किंवा त्याहूनही कमी पाठवले. देणाऱ्यांच्या याद्या दिवसेंदिवस छापल्या जात होत्या. अखेर १३ हजार फ्रँकहून अधिक रक्कम जमली. विजेत्या लांबोचे बक्षीस होते पाच हजार फ्रँक.

कोल्हापूरच्या वाचकाला यात ओळखीचे काही सापडेल. १९५२ मध्ये खाशाबा जाधव हेलसिंकी ऑलिंपिकला गेले ते लोकवर्गणीवर. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी त्यासाठी आपले घर गहाण ठेवले होते. फरक एवढाच की खाशाबांना जाण्यासाठी पैसे लागत होते आणि क्रिस्तोफला लोकांनी हरून आल्यावर दिले. ‘ल ऑटो’चा खपही त्या दिवसांत वाढला, हे ओघाने आलेच. ज्या वर्तमानपत्राच्या नियमांनी क्रिस्तोफची कोंडी केली, त्याच वर्तमानपत्राने त्याच्या दुःखाची वर्गणी गोळा केली.

उतारवयातली कमाई

सामान्यतः ३५ व्या वर्षी सायकलपटूची कारकीर्द संपत आलेली असते. क्रिस्तोफची एक बाजू तेव्हाच उजळली. १९२० मध्ये त्याने पॅरिस–तूर ही शर्यत जिंकली आणि त्याच वर्षी बोर्दो–पॅरिसही. ही दुसरी शर्यत म्हणजे साडेपाचशे किलोमीटरहून अधिक अंतर, रात्रंदिवस, एका दमात. पुढच्या वर्षी, १९२१ मध्ये, त्याने ती पुन्हा जिंकली. पॅरिस–रूबेमध्ये १९२० मध्ये दुसरा क्रमांक. केवळ नशिबाने मार खाल्लेला खेळाडू अशी त्याची ओळख अपुरी आहे. त्या पिढीत एकाच दिवसाच्या लांब शर्यतींत त्याच्या तोडीचे फार थोडे होते.

टूरमध्ये मात्र १९२० आणि १९२१ ही दोन्ही वर्षे त्याला स्पर्धा अर्धवट सोडावी लागली. १९२२ मध्ये त्याने पुन्हा काही दिवस पिवळी जर्सी घातली. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. इतक्या वयात ती घालणारा दुसरा खेळाडू आजवर झालेला नाही. आल्प्समधल्या गालिबिए घाटाच्या उतारावर चिमटा तिसऱ्यांदा तुटला, पण तोपर्यंत आघाडी हातून गेली होती. तो आठवा आला. १९२५ मध्ये, चाळिशीत, तो शेवटची टूर खेळला आणि अठरावा आला. १९२६ मध्ये त्याने सायकल ठेवली.

नियम पुढे टप्प्याटप्प्याने सैल होत गेले. आज टूरमध्ये चाक बसले की संघाची मोटार काही सेकंदांत शेजारी येते, छपरावरून नवी सायकल निघते आणि खेळाडू पुढे जातो. मुंबई–पुणे शर्यतीत खंडाळ्याचा घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. त्या शर्यतीत धावणारा पोरगाही मागे सुटे चाक घेऊन येणारी गाडी गृहीत धरूनच निघतो.

निवृत्तीनंतर क्रिस्तोफचे नाव दुकानांतून दिसत राहिले. पॅडलवर पाय घट्ट राहावा म्हणून बुटाच्या टोकाला अडकवायची पोलादी पट्टी आणि तिचा चामडी पट्टा त्याच्या नावाने विकला जाई. १९८० च्या दशकात चप्पल-बुटांना थेट पॅडलमध्ये अडकवणारी पद्धत येईपर्यंत जगभरचे शर्यतपटू त्या पट्ट्या वापरत होते. त्यांतल्या कितीजणांना त्यावरचे नाव कुणाचे आहे हे माहीत होते, हा वेगळाच प्रश्न.

१ फेब्रुवारी १९७० रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी क्रिस्तोफ वारला. सेंत-मारी-द-कांपाँमधल्या त्या भट्टीच्या जागी पाटी लागली आहे. तूरमाले चढायला जाणारे हौशी सायकलपटू तिथे थांबतात. त्या गावात २०१४ मध्ये त्याचा ब्राँझचा पुतळा बसवण्यात आला. पुतळ्यात त्याने तुटलेला चिमटा वर उचलून धरला आहे. टूर या रस्त्याने अनेकदा जाते आणि पिवळी जर्सी त्या पुतळ्याजवळून काही क्षणांत पुढे निघून जाते.